थकवा आणि थकव्याचा आजार: फरक ओळखायचा कसा?

समजा, रविवारची सकाळ आहे. चहाचा कप हातात घेऊन तुम्ही नाशिकला मावशीला फोन लावला आहे. मावसबहिणीचा विषय निघतो.

"तिचं काही कळत नाही बघ," मावशी सांगते. "तापातून उठली त्याला पाच महिने झाले. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, रोज सकाळी फिरायला जा, बरं वाटेल. दोन दिवस गेली बिचारी, आणि मग आठवडाभर अंथरुणातून उठली नाही."

तुम्ही काय म्हणाल? आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतील, "सवय मोडली असेल, थोडं थोडं वाढवायला सांग." थकलेल्या बऱ्याच माणसांना हा सल्ला लागू पडतो. पण थकलेल्यांमध्ये एक गट असा आहे, ज्याला हाच सल्ला आणखी आजारी पाडतो. तो गट ओळखायची खूण मावशीच्या शेवटच्या वाक्यात आहे, आणि नेमकं तेच वाक्य आपण सगळे कानाआड करतो. वैद्यकशास्त्रानेही ते बरीच वर्षं कानाआड केलं.

या आजाराला आज इंग्रजीत मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम म्हणतात. दोन्ही नावं जोडून एमई/सीएफएस असं लिहितात. एका आजाराला दोन नावं का, हे कळलं की अर्धा आजार कळतो.

थकवा हे लक्षण आहे

आधी एक साधी गोष्ट. ताप हा जसा आजार नसून लक्षण आहे, तसाच थकवाही लक्षण आहे. रक्त कमी असेल तर थकवा येतो. थायरॉइड मंदावली, मधुमेह असला, झोपेत श्वास अडकत असला, नैराश्य असलं, क्षयरोग असला, तरी थकवा येतो. दिवसभर राबून पोटभर खायला मिळालं नाही तरी थकवा येतो.

याचं एक चांगलं उदाहरण गोव्याचं आहे. तिथे १८ ते ५० वयाच्या स्त्रियांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. २,४९४ स्त्रियांपैकी १२.१ टक्के स्त्रियांनी सहा महिने किंवा अधिक काळ थकवा असल्याचं सांगितलं. आपल्याला लगेच वाटेल, रक्त कमी असणार. पण हिमोग्लोबिनशी या थकव्याचा संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो गरिबीशी, मनावरच्या ताणाशी आणि नवऱ्याकडून होणाऱ्या छळाशी.

आता या सगळ्या स्त्रियांना एमई/सीएफएस होता का? नाही, असं कोणी म्हटलेलं नाही. त्यांना दीर्घकाळ थकवा होता. 'दीर्घकाळचा थकवा' आणि 'दीर्घकालीन थकव्याचा आजार' ही नावं जवळजवळ सारखी दिसतात, म्हणूनच सगळा घोटाळा होतो. पहिली तक्रार फार मोठ्या संख्येने आढळते आणि तिची कारणं अनेक असतात. दुसरा एक विशिष्ट आजार आहे.

नावांची गोष्ट

१९३४ मध्ये लॉस एंजेलिसला पोलिओची साथ चालू असताना तिथल्या काउंटी जनरल हॉस्पिटलमधले जवळजवळ दोनशे डॉक्टर, नर्स आणि इतर कर्मचारी एका विचित्र दुखण्याने आजारी पडले. पोलिओसारखं वाटावं, पण लकवा फारसा नाही. स्नायू दुखतात, अशक्तपणा जात नाही, स्मरणशक्ती आणि झोप बिघडते. १९४८-४९ च्या हिवाळ्यात आइसलँडमधल्या अकुरेरी गावात असंच झालं.

सगळ्यात गाजली ती १९५५ ची लंडनची साथ. रॉयल फ्री हॉस्पिटलमधले २९२ कर्मचारी आजारी पडले आणि जुलैच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत रुग्णालय बंद ठेवावं लागलं. आधीपासून दाखल असलेल्या रुग्णांपैकी मात्र फक्त १२ जणांना लागण झाली. पुढच्या वर्षी लॅन्सेटने या दुखण्याला 'बिनाइन मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस' असं नाव सुचवलं. म्हणजे स्नायूदुखीसह मेंदू आणि मज्जारज्जूचा दाह. 'बिनाइन', म्हणजे सौम्य, अशासाठी की त्यात कोणी दगावत नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्यांना तो शब्द कसा वाटला असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. पुढे तो गळून पडला. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत हा आजार मज्जासंस्थेच्या विकारांमध्ये नोंदला गेला.

पण पुढच्याच वर्षी गाडी रुळावरून घसरली. १९७० मध्ये दोन ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी रॉयल फ्रीचे जुने केसपेपर तपासले आणि हा सामूहिक उन्माद, म्हणजे हिस्टेरिया होता, असा निष्कर्ष काढला. आजारी पडलेल्यांत स्त्रियांचं प्रमाण जास्त होतं, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होता. त्यांनी त्या रुग्णांना स्वतः तपासलं नव्हतं. तरीही हा शिक्का फार काळ टिकला.

१९८४-८५ मध्ये अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या टाहो सरोवराकाठच्या इन्क्लाइन व्हिलेजमध्ये पुन्हा असे रुग्ण दिसू लागले. आधी एप्स्टाइन-बार विषाणूवर संशय गेला. पण हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात केव्हा ना केव्हा येऊन गेलेला असतो, त्यामुळे त्याच्या खुणा सापडल्या म्हणून गुन्हेगार सापडला असं म्हणता येईना. कारण ठरत नाही तर निदान लक्षणावरून नाव देऊ, असं ठरलं आणि १९८८ मध्ये क्रॉनिक फटिग सिंड्रोम हे नाव आलं.

हे नाव सावधपणे ठेवलं होतं, पण ते रुग्णांना महागात पडलं. क्षयाला 'दीर्घकालीन खोकल्याचा आजार' म्हटलं असतं तर काय झालं असतं? ज्याला ज्याला खोकला येतो, तो म्हणाला असता, "मलाही आहे की!" इथे तेच झालं. "मीसुद्धा दमतो, मग मी कामावर जातो ना?" हे वाक्य या रुग्णांनी किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही.

चाळणीची भोकं

प्रयोगशाळेत निदान करणारी चाचणी नसली की डॉक्टर लक्षणांची चाळणी बनवतात. त्यांना निकष म्हणतात. चाळणीची भोकं किती मोठी ठेवायची, यावर खाली काय पडेल ते ठरतं. या आजाराच्या आजवर बऱ्याच चाळण्या झाल्या. त्यातल्या मुख्य अशा:

१. ऑक्सफर्ड निकष (१९९१): सहा महिने शरीराला आणि मनाला जाणवणारा, कामकाज बिघडवणारा थकवा. बाकी कुठलंही लक्षण सक्तीचं नाही. चाळणी फारच मोठ्या भोकांची.

२. फुकुदा निकष (१९९४): सहा महिने थकवा, शिवाय आठपैकी कोणतीही चार लक्षणं. ती आठ अशी: स्मरणशक्ती किंवा एकाग्रता कमी होणं, घसा दुखणं, मानेतल्या किंवा काखेतल्या गाठी दुखणं, स्नायू दुखणं, सांधे दुखणं, नव्या प्रकारची डोकेदुखी, झोपूनही ताजंतवानं न वाटणं आणि श्रमानंतर एक दिवसापेक्षा जास्त टिकणारा त्रास.

३. कॅनेडियन निकष (२००३): श्रमानंतरचा त्रास सक्तीचा केला. त्याशिवाय निदान नाही.

४. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचे निकष (२०१५): पूर्वीसारखं काम करण्याची क्षमता सहा महिन्यांहून अधिक काळ बरीच घटलेली असणं आणि सोबत थकवा, श्रमानंतरचा त्रास, ताजंतवानं न करणारी झोप. ही तिन्ही हवीत. शिवाय विचार किंवा स्मरणशक्तीतला बिघाड, किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास, यांपैकी किमान एक.

फुकुदा निकषांवर थोडं थांबू. आठातून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. त्यातल्या ३५ प्रकारांत श्रमानंतरचा त्रास नसतोच. इतकंच नव्हे, एका रुग्णाला पहिली चार आणि दुसऱ्याला उरलेली चार लक्षणं असतील, तर थकवा सोडल्यास दोघांत एकही लक्षण समान नाही. तरी दोघांचं निदान एकच! अशा दहा-वीस लोकांना एकत्र करून रक्ताची तपासणी केली किंवा औषध देऊन पाहिलं, तर उत्तर गढूळच येणार. अनेक वर्षं एका प्रयोगशाळेला जे सापडलं ते दुसरीला सापडत नव्हतं, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

दुसऱ्या दिवशीचं बिल

मग या आजाराची खरी खूण कोणती? श्रमानंतरची पडझड. इंग्रजीत तिला पोस्ट-एक्झर्शनल मलेज म्हणतात.

तुम्ही शनिवारी सवय नसताना डोंगर चढून आलात, तर रविवारी पाय दुखतील, सोमवारी कमी होतील आणि पुढच्या वेळी चढणं थोडं सोपं जाईल. निरोगी शरीर श्रमाने तयार होतं. या आजारात उलटं होतं. श्रम करताना माणूस कदाचित ठीक दिसतो. त्रास बरेचदा १२ ते ४८ तासांनी सुरू होतो आणि दिवसच काय, आठवडेही टिकतो. नुसते स्नायू दुखत नाहीत. फ्लू झाल्यासारखं अंग मोडून येतं, डोक्यात धुकं भरतं, शब्द आठवत नाहीत, उजेड आणि आवाज सहन होत नाहीत, झोप बिघडते. श्रमही नेहमी मोठे नसतात. कोणाला बाजारात जाऊन आल्यावर हे होतं, कोणाला अंघोळीने, कोणाला तासभर पाहुण्यांशी गप्पा मारल्याने. डोक्याचे आणि भावनांचे श्रमही यात मोजले जातात.

बिल उशिरा येतं म्हणूनच ते ओळखायला कठीण जातं. रुग्णाला स्वतःलाही परवाच्या बाजाराचा आणि आजच्या पडून राहण्याचा संबंध लागत नाही. भेटायला आलेले पाहुणे म्हणतात, "चांगली हसत-बोलत होती की!" ते खोटं बोलत नसतात. त्यांनी फक्त दुसरा दिवस पाहिलेला नसतो.

हा दुसरा दिवस मोजताही येतो. कॅलिफोर्नियातल्या युनिव्हर्सिटी ऑफ द पॅसिफिकमधल्या संशोधकांनी रुग्णांना सलग दोन दिवस व्यायामाच्या सायकलवर बसवून श्वासातला प्राणवायू मोजला. व्यायामाची सवय नसलेली निरोगी माणसं दुसऱ्या दिवशीही साधारण पहिल्या दिवसाइतकंच काम करतात. रुग्णांची क्षमता मात्र दुसऱ्या दिवशी घसरलेली दिसली. पुढे इतरांच्या अभ्यासांतही ही घसरण दिसली, तिचं प्रमाण कमी-अधिक आलं. निदानासाठी ही चाचणी सरसकट वापरत नाहीत, कारण ती चाचणीच रुग्णाला आडवं पाडू शकते.

नैराश्य आणि हा आजार

"हे डिप्रेशन तर नाही?" हा प्रश्न योग्यच आहे आणि तो विचारायलाही हवा. ढोबळ फरक असा: नैराश्यात काही करावंसंच वाटत नाही. या आजारात करायचं खूप असतं. यादी तयार असते, शरीर साथ देत नाही. नैराश्यात थोडा व्यायाम केल्याने अनेकांना बरं वाटतं, इथे पडझड होते. दोन्ही एकत्रही असू शकतात. वर्षभर घरात अडकलेला माणूस खिन्न झाला तर नवल नाही. पण खिन्नतेवर उपचार केले म्हणून मूळ आजार जात नाही.

चुकीच्या खणात ठेवलं की काय होतं

वर्गीकरण म्हणजे नुसती कागदावरची कटकट, असं वाटत असेल तर पुढची गोष्ट ऐका. २०११ मध्ये ब्रिटनमधला पेस नावाचा मोठा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. ६४१ रुग्ण होते आणि ते ऑक्सफर्डच्या मोठ्या भोकांच्या चाळणीने निवडले होते. निष्कर्ष असा की, ठरावीक प्रमाणात वाढवत नेलेला व्यायाम आणि विचार-वर्तन उपचार यांनी फायदा होतो.

रुग्णांनी आणि काही शास्त्रज्ञांनी आकडे तपासायला घेतले. शारीरिक क्षमतेच्या १०० गुणांच्या मापावर ६५ किंवा कमी गुण असलेला माणूस अभ्यासात घेण्याइतका आजारी धरला होता. आणि शेवटी? ६० गुण मिळाले तरी तो या मापावर 'सामान्य' कक्षेत बसत होता. म्हणजे किंचित खालावूनही माणूस या एका मापावर बरा ठरू शकत होता! मूळ आकडेवारी मिळवायला कायदेशीर लढा द्यावा लागला. मूळ आराखड्यातल्या कसोट्या लावून पुन्हा हिशेब केला तेव्हा फायदा बराच आटला. अभ्यास करणाऱ्यांनी आपले निष्कर्ष योग्यच असल्याचं म्हटलं आहे. पण इंग्लंडमधली नाइस ही मार्गदर्शक संस्था, जिने २००७ मध्ये हेच उपचार सुचवले होते, तिने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपला सल्ला बदलला. ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेणारा व्यायाम देऊ नका, आणि विचार-वर्तन उपचार आजार बरा करतो असं सांगू नका, असं आता तिथे लिहिलं आहे. अमेरिकेच्या सीडीसीने असा व्यायामाचा सल्ला २०१७ मध्येच काढून टाकला होता.

खणाचा प्रश्न विम्याच्या कागदांवरही येतो. तुम्ही अमेरिकेत असाल तर हे लक्षात ठेवा: तिथल्या निदानाच्या कोडच्या यादीत २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत सीएफएस 'अनिर्दिष्ट दीर्घकालीन थकवा' याच खणात, आर५३.८२ या कोडखाली पडून होता. त्यानंतर मज्जासंस्थेच्या विभागात एमई/सीएफएससाठी जी९३.३२ हा स्वतंत्र कोड आला. जुन्या कागदांवर जुना कोड असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

विषाणू गेल्यानंतर

सगळे नाही, पण बरेच रुग्ण सांगतात की सुरुवात एखाद्या तापाने झाली. ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावात २५३ लोकांवर संसर्गापासूनच लक्ष ठेवलं गेलं. कोणाला एप्स्टाइन-बार विषाणू, कोणाला रॉस रिव्हर विषाणू, कोणाला क्यू-फीव्हरचे जिवाणू. सहा महिन्यांनी ११ टक्के लोक सीएफएसच्या निकषांत बसत होते. रोगजंतू वेगवेगळे, पण नंतरचं दुखणं एकसारखं. आणि ते कोणाला होणार, याचा अंदाज स्वभावावरून किंवा मानसिक इतिहासावरून लागला नाही. सुरुवातीचा आजार किती तीव्र होता, यावरून लागला.

म्हणून कोविड आला तेव्हा या विषयातल्या लोकांना पुढचं चित्र दिसत होतं. लाँग कोविडच्या रुग्णांपैकी एक गट आज एमई/सीएफएसच्या निकषांत चपखल बसतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०२४ मध्ये लाँग कोविडच्या रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे नमुने व्यायामाच्या आधी आणि नंतर तपासले. श्रमानंतर स्नायूंना इजा झालेली आणि पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा बिघडलेली दिसली. ब्रिटनच्या डीकोड-एमई या प्रकल्पाने २०२५ मध्ये १५ हजारांहून अधिक रुग्णांच्या डीएनएची तुलना करून, निरोगी लोकांपेक्षा फरक दाखवणाऱ्या आठ जागा जाहीर केल्या. त्यांतल्या काही प्रतिकारशक्तीशी आणि मज्जासंस्थेशी संबंधित आहेत. यातून निदानाची चाचणी अजून निघालेली नाही आणि औषधही नाही. पण शोध कुठे घ्यायचा, ते आता कळू लागलं आहे.

मग करायचं काय?

पहिलं, थकव्याची बाकीची कारणं नीट तपासून घ्या. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, यकृत-मूत्रपिंड, सीलिअॅक, झोपेतला श्वासरोध, क्षय, चालू असलेल्या औषधांचे परिणाम. यातलं काही सापडलं तर आनंदच आहे, कारण त्यांवर उपचार आहेत.

दुसरं, दोन-तीन आठवड्यांची डायरी लिहा. काय केलं, किती वेळ केलं, आणि त्यानंतर दोन दिवस कसे गेले. 'फार थकवा येतो' यापेक्षा 'मंगळवारी बँकेत गेले, गुरुवार ते रविवार उठता आलं नाही' हे वाक्य डॉक्टरांना खूप जास्त सांगतं. उभं राहिल्यावर चक्कर येते का, छाती धडधडते का, तेही लिहा. त्यावर काही उपाय असतात. ब्रिटनमध्ये असाल तर नाइसच्या सध्याच्या निकषांनुसार तीन महिन्यांनी निदान करता येतं आणि श्रमानंतरचा त्रास त्यात सक्तीचा आहे.

तिसरं, शक्तीचं बजेट. बिल येणार नाही इतकंच खर्च करायचं आणि थकण्याआधी थांबायचं. याला पेसिंग म्हणतात. (वरच्या पेस अभ्यासाचं नाव आणि हे पेसिंग यांची गल्लत करू नका.) बरं वाटतंय त्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकण्याचा मोह होतो, आणि बरेचदा तिथेच घात होतो. पोळ्या बसून लाटणं, अंघोळीला स्टूल घेणं, फोन दहा मिनिटांत आटोपणं, हे आळसाचे प्रकार नाहीत. पेसिंगने आजार बरा होत नाही, पण पडझडी कमी होतात. साधारण चौथा हिस्सा रुग्ण आयुष्यात कधी ना कधी घरात किंवा अंथरुणात अडकतात. तिथपर्यंत न पोचणं हीच मोठी कमाई आहे.

आता पुन्हा मावशीचा फोन. तुम्ही इथून तिची नाडी पाहू शकत नाही, आणि निदान करणं तुमचं कामही नाही. पण "फिरायला जायला सांग" असं म्हणण्याआधी मावसबहिणीला फोनवर बोलवा आणि विचारा, "फिरून आलीस, त्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी काय झालं?" मग तिला सावकाश बोलू द्या, आणि ती दमली असं वाटलं की फोन ठेवा. बाकीचं तिने लिहून पाठवलं तरी चालेल. तो कागद तिच्या डॉक्टरांसमोर ठेवायला उपयोगी पडेल.